पन्नाशी ओलांडलेली मोटार परदेशातून मुंबईत आणायची तर

परदेशातली वापरलेली मोटार सर्वसाधारण मार्गानं भारतात आणायची असेल तर ती एक तर तीन वर्षांच्या आतली हवी, नाहीतर पन्नाशी उलटलेली. मधली अख्खी पिढी बाहेरच राहते. त्यामुळे १९८५ सालची कूपे कितीही देखणी आणि कितीही स्वस्त मिळत असली, तरी तिचा नाद सोडा. व्हिंटेजची आयातमर्यादा आधी १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरती होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं, म्हणजे डीजीएफटीनं, ती बदलून पन्नास वर्षांच्या वयाशी बांधली. त्यामुळे साठच्या आणि सत्तरच्या दशकातल्या गाड्यांना दार उघडलं आणि दरवर्षी एकेक साल त्यात येत राहतं.

हे वय कुठून मोजतात, इथे बरेच जण चुकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या ८१-अ ते ८१-ग या नियमांनुसार व्हिंटेज वाहन म्हणजे पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेलं दुचाकी किंवा चारचाकी. पाटीवर कोरलेलं उत्पादनाचं साल त्यासाठी पुरत नाही. १९७४ अखेरीस बनलेली गाडी शोरूममध्ये पडून राहून १९७६ मध्ये नोंदली गेली असेल, तर घड्याळ १९७६ पासून चालू होतं. बोट निघायच्या तारखेला, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या (माल चढल्यावर शिपिंग कंपनी देते त्या कागदाच्या) तारखेला, पन्नास पूर्ण झालेली असावीत असा हिशेब ठेवा. प्रवासात पन्नाशी गाठणारी गाडी विकत घेऊन कस्टमशी वाद घालण्यात काही अर्थ नाही.

दुसरी अट मूळ स्वरूपाची. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील तर गाडी व्हिंटेज ठरत नाही. जुन्या फोर्डमध्ये आधुनिक व्ही-एट बसवलेली हॉट रॉड, फायबरची प्रतिकृती, लिमोझिन कापून केलेली टूरर, ही सगळी बाद. मूळ नमुन्याबरहुकूम केलेलं रिस्टोरेशन वेगळं, पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. म्हणून रिस्टोरेशन झालेली गाडी घेताना विकणाऱ्याकडून कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो मागून घ्या.

डाव्या स्टिअरिंगबद्दल इथेच सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे डाव्या बाजूचं स्टिअरिंग असलेली गाडी चालवायची तर तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवर चालणारं सिग्नल यंत्र लागतं. म्हणून अमेरिकन गाडी घेताना 'इथे आल्यावर उजवीकडे करून घेऊ' असा बेत करू नका. स्टिअरिंग हलवलं की डॅशबोर्ड, पेडल, फायरवॉल सगळं कापावं लागतं आणि मूळ स्वरूपाची अट तिथेच मोडते. पर्याय असेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथली उजव्या स्टिअरिंगची गाडी बघा. डावीच हवी असेल तर आयात आणि नोंदणी या दोन्ही बाबतींतलं उत्तर पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

आधी चासी नंबर, मग भाव

गाडीचा रंग, क्रोम, चामडं यांच्याकडे बघण्याआधी नंबर बघा. आयातीतली निम्मी भानगड नंबरातून उभी राहते. विक्रेत्याकडून चासी नंबर, इंजिन नंबर आणि बॉडी नंबर यांचे जवळून काढलेले फोटो मागा. नुसत्या पितळी पाटीचा फोटो पुरत नाही, कारण पाटी दोन स्क्रूंवर असते आणि बाजारात नवी मिळते. चासीच्या लोखंडावर ठोकलेला आकडा दिसला पाहिजे. नंबर कुठे असतो ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. फोर्ड मॉडेल टीमध्ये इंजिनावरचा नंबर हाच गाडीचा नंबर. मॉडेल ए मध्ये तो इंजिनावर आणि चासीच्या डाव्या पट्टीवर असतो, पण चासीवरचा आकडा बॉडीखाली झाकला जातो. अशा गाडीचं इंजिन कधीतरी बदललेलं असेल तर कागद एक नंबर सांगतात आणि लोखंड दुसरा. कस्टमचा अधिकारी आणि पुढे आरटीओचा निरीक्षक, दोघेही टॉर्च घेऊन तोच आकडा शोधणार आहेत.

नंबर कळला की तो मूळ दफ्तरात तपासा. ऑस्टिन, मॉरिस, एमजी अशा ब्रिटिश गाड्यांसाठी गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मिळतं. जॅग्वारसाठी जॅग्वार डेम्लर हेरिटेज ट्रस्ट आहे, रोल्स-रॉइस आणि बेंटलीच्या चासीच्या नोंदी रोल्स-रॉइस एन्थुझिअॅस्ट्स क्लबकडे आहेत. गाडी कधी बनली, कुठल्या रंगात गेली, कुठल्या विक्रेत्याकडे गेली हे त्यात असतं. खर्च किरकोळ आहे आणि वय सिद्ध करायला याहून भक्कम कागद मिळणं कठीण. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं ओळखपत्र गाडीला आधीच असेल तर उत्तम. भारतातल्या कुठल्याही सरकारी कागदाची जागा ते घेत नाही, पण गाडीच्या मूळपणाबद्दल शंका निघाली तर पुढे करायला उपयोगी पडतं.

निर्यात करणाऱ्या देशाचे कागद वेगळे. अमेरिकेतून गाडी निघायची तर मूळ टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, निर्यातीच्या किमान ७२ तास आधी तिथल्या कस्टमपुढे ठेवावं लागतं. टायटल हरवलेली किंवा फक्त विक्रीपावतीवर विकली जाणारी गाडी त्यामुळे अडकते. ब्रिटनमध्ये व्ही-फाइव्ह-सी या नोंदणीपुस्तकातला कायमच्या निर्यातीचा भाग डीव्हीएलए या तिथल्या वाहननोंदणी खात्याला पाठवायचा आणि उरलेलं पुस्तक गाडीबरोबर आणायचं. विक्रेत्यानं सगळंच पुस्तक पाठवून दिलं तर पहिल्या नोंदणीची तारीख दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. प्रत्येक पानाची रंगीत प्रत आधीच काढून घ्या. युरोपीय संघातून ७५ वर्षांहून जुनी आणि ५०,००० युरोंहून महाग गाडी बाहेर काढायला सांस्कृतिक वस्तूंचा निर्यात परवाना लागतो. ब्रिटनमध्येही जुन्या आणि महाग गाड्यांना तसा परवाना लागतो आणि तो मिळायला वेळ जातो. लिलावात हातोडा पडण्याआधी हे विचारायचं.

कराचा आकडा

बहुतेकांचा उत्साह इथे ओसरतो, म्हणून हिशेब नीट मांडतो. मूल्य धरलं जातं ते सीआयएफ, म्हणजे गाडीची किंमत, विमा आणि बोटीचं भाडं यांची बेरीज. भाड्याची पावती दाखवता आली नाही तर कस्टम एफओबी, म्हणजे बोटीवर चढेपर्यंतच्या, किमतीच्या २० टक्के भाडं धरतं, विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के. खरं भाडं बऱ्याचदा २० टक्क्यांहून कमी असतं, तेव्हा पावती सांभाळा. त्या एका कागदावर लाखांचा फरक पडतो.

२०२५ च्या अर्थसंकल्पानंतर वापरलेल्या मोटारीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा अधिभार ६७.५ टक्के, एकूण १३७.५ टक्के. आधी १२५ टक्के आणि त्यावर समाजकल्याण अधिभार धरून आकडा तेवढाच व्हायचा, म्हणजे 'शुल्क कमी झालं' या बातमीनं फसू नका. या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे, १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के.

सीआयएफ २० लाख रुपये धरा. सीमाशुल्क १४ लाख, अधिभार साडेतेरा लाख, बेरीज साडेसत्तेचाळीस लाख. त्यावर ४० टक्के म्हणजे १९ लाख. गाडी कस्टमबाहेर पडते साडेसहासष्ट लाखांना. त्याच किमतीची ७४७ सीसीची ऑस्टिन सेव्हन असेल तर आयजीएसटी साडेआठ लाखांच्या आसपास, एकूण साधारण ५६ लाख. एमजी टीसीचं इंजिन १२५० सीसीचं, गाडी साडेतीन मीटरची. बिचारी पन्नास सीसीनं हुकते. दर दरवर्षी बदलू शकतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी क्लिअरिंग एजंटकडून लेखी हिशेब घ्या आणि रुपयाचा विनिमयदर कस्टमनं जाहीर केलेला धरा, बँकेचा नव्हे.

युरोपात जुन्या ऐतिहासिक मोटारी ९७०५ या संग्राह्य वस्तूंच्या शीर्षकाखाली कमी करात येतात, हे वाचून तोच मार्ग इथे चालेल असं काही जण गृहीत धरतात. तसं धरून पैसे लावू नका. मोटारींच्या नेहमीच्या ८७०३ शीर्षकाखालचाच आकडा खिशात ठेवा.

किंमत कमी दाखवण्याचा सल्लाही कुणीतरी देतोच. लिलावांचे निकाल इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसतात, मूल्य ठरवणाऱ्या कस्टमच्या अप्रेझरलाही. जाहीर केलेलं मूल्य शंकास्पद वाटलं तर मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ खाली ते नाकारता येतं, आणि मग जप्ती, दंड, सोडवणुकीची रक्कम असा फेरा सुरू होतो.

पैसे पाठवणं

त्याआधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड, काढा. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पाचशे रुपयांत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि नेमकं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं घोषणापत्र, भरताना कळतं. पैसे बँकेमार्फत आयातीचा व्यवहार म्हणूनच पाठवा. नातेवाइकाच्या खात्यातून परस्पर विक्रेत्याला पैसे गेले तर व्यवहाराचं मूल्य दाखवायला कागद राहत नाही. गाडी आल्यावर बिल ऑफ एंट्री बँकेत जुळवून व्यवहार बंद करून घ्यायचा असतो. हे विसरलं तर पुढचं पेमेंट अडतं.

कंटेनर भरताना

रोरो बोटीत गाडी स्वतः चालत चढते-उतरते. स्वस्त पडतं, पण व्हिंटेज गाडीसाठी आमचं मत कंटेनरच्या बाजूनं. रोरोमध्ये बंदरावरचे अनोळखी ड्रायव्हर गाडी हलवतात आणि क्रॅश गिअरबॉक्स, मधलं अॅक्सिलरेटर पेडल किंवा हातानं मागेपुढे करायचं इग्निशन टायमिंग यांची सवय त्यातल्या एखाद्यालाच असते.

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.८९ मीटर लांब, दरवाजा २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच. गाडीच्या पुढेमागे बांधायला किमान पंधरा-वीस सेंटीमीटर जागा हवी. त्यामुळे साडेपाच मीटरच्या पुढची लिमोझिन चाळीस फुटीत टाकावी लागते. १.८५ मीटर रुंद गाडी मधोमध ठेवली तर दोन्ही बाजूंना जेमतेम पंचवीस सेंटीमीटर उरतात, दार उघडून माणूस बाहेर येत नाही. म्हणून गाडी चालवत आत नेण्यापेक्षा विंचनं ओढून घ्यायला सांगा. चाळीस फुटी कंटेनर दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतल्यास भाडं वाचतं, मात्र शेजारच्या मालाचे कागद अडकले तर तुमची गाडीही त्याच्याबरोबर बसून राहते.

पट्टे अॅक्सलला किंवा चासीच्या भक्कम भागाला बांधायचे, बंपरला नाही. लाकडी आरे असलेल्या चाकांतून पट्टा ओवला तर आरे सैल होतात, तारांच्या चाकात तारा वाकतात. चाकांपुढे-मागे ठोकळे फळीला ठोकून घ्या. ठोकळ्यांच्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे कीड मारायची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा. धुरी द्यायची असेल तर लाकडाला गाडी आत घेण्याआधी द्या, कारण मिथाइल ब्रोमाइड रबर, फोम आणि चामड्याला लागलं की न जाणारा दर्प राहतो. पेट्रोल टाकीत पाव भागाहून कमी, बॅटरीची टोकं काढून टेप लावलेली. आत कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. लाल समुद्र टाळून बोट केप ऑफ गुड होपला वळसा घालून आली तर प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबतो आणि विषुववृत्त दोनदा ओलांडलं जातं. अॅशच्या लाकडी सांगाड्याला आणि लोकरीच्या अस्तराला ते मानवत नाही. शक्यतो गाडी ऑक्टोबर ते मे या काळात मुंबईत उतरेल असं बघा. जुलैच्या पावसात सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवायच्या तळाच्या, उघड्या मैदानावर कापडी टपाची गाडी उभी राहणं म्हणजे पुन्हा रिस्टोरेशन.

विमा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए चा, म्हणजे जवळपास सगळ्या जोखमींचा, आणि ठरलेल्या मूल्याचा घ्या. भरण्यापूर्वी गाडीच्या चारही बाजू, छत, खालचा भाग आणि मायलेज यांचे तारखेसह फोटो नसतील तर ओरखड्याचा दावा टिकत नाही.

सुटे भाग म्हणून विक्रेता डिकीत जादा कार्बुरेटर, मागच्या सीटवर डायनॅमो, कधी अख्खं इंजिन ठेवून देतो. प्रेमानंच देतो. पण बिलात नसलेली प्रत्येक वस्तू कस्टमच्या भाषेत चुकीची घोषणा आहे. यादी करून किंमत लावून इनव्हॉइसमध्ये घाला.

न्हावा शेवाला

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा बोट निघण्याआधी मागवून अक्षरन् अक्षर तपासा. आयात करणाऱ्याचं नाव आयईसीवर आहे तसंच, गाडीचं साल, कंपनी, चासी नंबर, इंजिन नंबर आणि 'वापरलेली' हा शब्द. एक आकडा उलटसुलट झाला की शिपिंग कंपनीच्या आयजीएममध्ये, म्हणजे कस्टमला दिलेल्या बोटीवरच्या मालाच्या यादीत, दुरुस्ती करावी लागते, त्यात दिवस जातात आणि मीटर चालू असतो.

बिल ऑफ एंट्री बोट येण्याच्या तीस दिवस आधीपासून भरता येतं आणि ती येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं असावं. उशिरा भरल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,००० रुपये. शिवाय कंटेनर उशिरा परत केल्याबद्दल शिपिंग कंपनीचं डिटेन्शन आणि सीएफएसचं जमीनभाडं वेगळं. या दोन्हींचे मोफत दिवस वेगवेगळे असतात, ते लिहून घ्या.

कस्टम ब्रोकर निवडताना त्यानं जुनी गाडी आधी सोडवली आहे का, एवढाच प्रश्न विचारा. यंत्रसामग्री सोडवणाऱ्याला चासी नंबरावरून होणाऱ्या प्रश्नांची कल्पना नसते. वापरलेल्या मालासाठी त्याला फर्स्ट चेक मागायला सांगा, म्हणजे आधी तपासणी, मग मूल्यनिश्चिती. चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल लागतो. त्यात साल, स्थिती आणि मूल्य तिन्ही असावीत आणि नंबर फोटोसह यावेत. तपासणीच्या दिवशी चावी, बॉनेटचं हँडल, टॉर्च, फडकं आणि वायर ब्रश घेऊन कुणीतरी हजर राहा. नंबर तेलाच्या थराखाली दडलेला असला तर अधिकारी तो साफ करत बसणार नाही, शेरा मारून निघून जाईल.

गाडी उतरवण्यासाठी कंटेनर ट्रेलरवरून जमिनीवर घ्यायला सांगा. ट्रेलरवर फळीची उंची दीड मीटरच्या आसपास असते आणि त्या उंचीवरून तात्पुरत्या पट्ट्यांवर गाडी उतरवणं हा अपघाताचा ठरलेला मुहूर्त. जमिनीवर ठेवलेल्या कंटेनरला छोटा उतार पुरतो.

शुल्काचे पैसे त्या आठवड्यात तयार नसतील तर गाडी शुल्क न भरता कस्टमच्या ताब्यातल्या बाँडेड गोदामात ठेवता येते. त्यासाठी शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड द्यावा लागतो आणि ९० दिवसांनंतर १५ टक्क्यांनी व्याज लागतं. सीएफएसमध्ये नुसती पडू देण्यापेक्षा हे बरं, कारण तीस दिवसांत न सोडवलेला माल नोटिसीनंतर विकता येतो.

'आउट ऑफ चार्ज', म्हणजे कस्टमची सोडण्याची परवानगी, मिळालं की गाडी फ्लॅटबेडवरच घरी न्या, अटल सेतूवरून किंवा वाशी-मानखुर्द मार्गे. नोंदणी नसलेली गाडी चार किलोमीटरसुद्धा चालवू नका. अवजड वाहनांच्या वेळा ट्रान्सपोर्टवाल्याला आधी विचारा, बहुधा रात्रच सोयीची.

व्हीए नंबर

नोंदणीचा अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म २० मध्ये. सोबत विमा, शुल्क आणि बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी ५,००० रुपये. राज्याची समिती गाडी बघून निर्णय देते आणि अर्जानंतर साठ दिवसांत फॉर्म २३-अ मध्ये प्रमाणपत्र मिळायला हवं. नंबर एमएच, व्हीए, दोन अक्षरी मालिका आणि चार आकडे असा येतो, उदाहरणार्थ एमएच व्हीए एए ०००१. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, तुमचं आरटीओ जे असेल तिथे राज्याच्या कराबद्दल आधीच लेखी विचारून ठेवा.

या नंबरावर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. त्यामुळे मुंबईत 'शूटिंगला आणि वरातीला भाड्यानं देऊन खर्च काढू' असं गणित मांडून गाडी आणू नका. विकलीत तर नव्वद दिवसांत राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाला कळवायचं.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टाकीतलं बोटीबरोबर आलेलं पेट्रोल काढा. इथल्या पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप त्यानं फुगतात आणि कार्बुरेटरमधल्या लाखेचा लेप दिलेल्या बुचाच्या फ्लोटचा लेप विरघळून जेट बुजतं. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि पितळी फ्लोट आधी बसवा. ब्रेकचे सिलिंडर उघडून बघा, इंजिन ऑइल बदला, स्पार्क प्लगच्या भोकांत थोडं तेल सोडून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, आणि बॅटरी जोडताना गाडी सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) तर नाही ना, ते वायरिंग बघून ठरवा. मिस्त्रीनं सवयीनं उलटी जोडली तर डायनॅमो त्याच दिवशी जातो.